स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांच्या अखेरच्या शुश्रूषेचे नियोजन

(मल्लेश्वरम, बंगळुरू येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मल्लेश्वरमच्या इतिहासातील दोन नोंदी आजच्या विषयाशी नाते सांगणाऱ्या आहेत. पहिली नोंद १६६९ सालच्या शिलालेखाची. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी येथील काडु मल्लेश्वर देवस्थानाच्या निर्वाहासाठी एक गाव दान दिल्याचे त्यात नमूद आहे. दुसरी नोंद १८९८ च्या प्लेगची. त्या साथीने जुन्या पेठेतील दाट वस्तीचे धोके उघड केले आणि रुंद रस्ते, घरांमागे सफाईच्या गल्ल्या व मोकळी हवा यांचा विचार करून आखलेल्या या वसाहतीच्या वाढीला गती मिळाली. दोन्ही घटनांचे सूत्र एकच आहे. पुढे काय लागेल याचा विचार, हाती सामर्थ्य असताना करून ठेवणे. यालाच नियोजन म्हणतात.

राष्ट्राच्या पातळीवर नियोजनाची सवय असलेल्या या देशात कुटुंबाच्या पातळीवर मात्र एका विषयाचे नियोजन टाळले जाते. तो विषय म्हणजे आयुष्याचा शेवट. स्मृती व आकलन हळूहळू क्षीण होत जाणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही टाळाटाळ सर्वाधिक महाग पडते. इतर आजारांत रुग्ण शेवटपर्यंत आपली इच्छा सांगू शकतो. स्मृतिभ्रंशात इच्छा सांगण्याची क्षमताच आधी जाते आणि देह मागे राहतो.

प्रश्नाचे आकारमान

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी व मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये ती १४ कोटी ९० लाखांवर गेली आणि २०५० पर्यंत ३४ कोटी ७० लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होईल. आयुर्मान वाढणे ही विकासाची फलश्रुती आहे. परंतु वाढलेल्या वर्षांबरोबर स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही वाढते.

भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन पाहणीला जोडून झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज दिला. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांपर्यंत जाऊ शकतो. या अंदाजातील दोन बाबी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. स्त्रियांमधील प्रमाण ९ टक्के तर पुरुषांमधील ५.८ टक्के आहे. आणि ग्रामीण भागातील ८.४ टक्के तर शहरी भागातील ५.३ टक्के आहे. म्हणजे हा केवळ शहरी, सुखवस्तू घरांचा आजार आहे ही समजूत चुकीची ठरते. मल्लेश्वरमला लागूनच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र म्हणूनच दोन गटांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. एक गट बंगळुरू शहरातील आहे, तर दुसरा कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर परिसरातील ग्रामस्थांचा.

आजाराचा मार्ग आणि निर्णयाचा काळ

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नव्हे, तर लक्षणसमूहाचे नाव आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत मोठा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांतूनही तो उद्भवतो. सौम्य, मध्यम व तीव्र अशा टप्प्यांतून तो अनेक वर्षे पुढे सरकतो. शेवटच्या टप्प्यात रुग्णाला आप्त ओळखू येत नाहीत, चालणे थांबते, घास गिळणे कठीण होते आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो.

हा आजार प्राणघातक आहे, हेच बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या, तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या ३२३ रुग्णांचा १८ महिन्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून अधिक रुग्णांचे निधन झाले. सुमारे ८६ टक्के रुग्णांना खाण्या-गिळण्याच्या अडचणी आल्या आणि ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. अधिक बोलका निष्कर्ष पुढचा आहे. हा आजार कोठे नेतो हे ज्या नातेवाइकांना समजले होते, त्यांच्या रुग्णांच्या वाट्याला अखेरच्या महिन्यांत त्रासदायक उपचार कमी आले. माहिती ही येथे स्वतःच एक प्रकारची शुश्रूषा ठरली.

निर्णयक्षमतेविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निदान झाले म्हणजे क्षमता संपली, असे नाही. क्षमता ही निर्णयागणिक वेगळी असते. ज्या वृद्धेला बँकेचा हिशोब जमत नाही, तिला आपल्यावतीने कोणी बोलावे हे अगदी नेमके सांगता येऊ शकते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्येही क्षमतेचा विचार माहिती समजणे, परिणामांची जाणीव असणे आणि निर्णय कळविता येणे या निकषांवर केलेला आहे. आजाराच्या नावावर नव्हे.

बंगळुरूसारख्या बहुभाषिक शहरात यात भाषेचा प्रश्न मिसळतो. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवून दिले की, दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागतात. घरात मराठी, बाजारात कन्नड व कार्यालयात इंग्रजी बोलत आयुष्य काढलेल्यांना ही दिलासा देणारी बाब आहे. मात्र आजार वाढल्यावर मागाहून शिकलेल्या भाषा अनेकदा आधी निसटतात. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, परिचारिका कन्नडमध्ये आणि रुग्णाचे उत्तर मराठीत, अशा स्थितीत असलेली क्षमताही नसल्यासारखी दिसते. म्हणून असे संभाषण मातृभाषेत, शक्यतो सकाळच्या वेळी, एका वेळी एकच प्रश्न विचारून आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देऊन व्हावे.

कायद्याची वाटचाल

महाराष्ट्राला या विषयाची ओळख दोन प्रसंगांनी आहे. आचार्य विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे आजारपणात अन्न व औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. तो निर्णय त्यांचा स्वतःचा, पूर्ण जाणिवेने घेतलेला होता. दुसरा प्रसंग मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचा. मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयात शुद्धीविना होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्याविषयीची दयामरणाची याचिका फेटाळताना, त्यांच्यावतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून चार दशके शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रुग्ण बोलू शकत नसेल तर त्याच्यावतीने कोणी बोलावे, हाच येथे कळीचा प्रश्न होता. विनोबांच्या बाबतीत तो उद्भवला नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये असतो. त्याला एके काळी बोलता येत होते. तेव्हा कोणी विचारले होते काय, हे महत्त्वाचे ठरते.

कायद्याचा क्रम असा आहे. १९९६ च्या ग्यान कौर खटल्यात घटनापीठाने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात मरणाचा हक्क अंतर्भूत नाही, परंतु नैसर्गिक अखेर प्रतिष्ठेने व्हावी हे त्यात समाविष्ट आहे, असे मत मांडले. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या २००५ मधील याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजेच लिव्हिंग विलला, कायदेशीर आधार दिला. तथापि त्यातील कार्यपद्धती इतकी किचकट होती की, ती व्यवहारात येणे दुरापास्त झाले. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती सुलभ केली.

सुधारित पद्धतीनुसार सज्ञान व सुबुद्ध व्यक्ती स्वेच्छेने लेखी दस्तऐवज करू शकते. त्यावर दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करता येतो. त्यात एक वा अधिक पालक अथवा निकटच्या नातेवाइकांची नावे द्यावयाची असतात. दस्तऐवजाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे ठेवली जाते. तो केव्हाही लेखी रद्द करता येतो. प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या वेळी रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ, त्यानंतर दुय्यम मंडळ आपले मत देते. प्रत्येकाने ते शक्यतो ४८ तासांत द्यावे, अशी अपेक्षा आहे. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून निर्णय अमलात येतो. येथे जीवनरक्षक उपचार न देणे किंवा थांबविणे एवढेच अभिप्रेत आहे. मृत्यू घडवून आणणारे औषध देणे भारतात गुन्हाच आहे.

अंमलबजावणीत राज्यांची पावले निरनिराळी पडली. गोव्यात मे २०२४ च्या अखेरीस उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर स्थानिक संस्थांमध्ये अशा दस्तऐवजांचे अभिरक्षक नेमण्यात आले. कर्नाटक शासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी परिपत्रक काढून न्यायालयाच्या निर्देशांच्या अंमलबजावणीची व्यवस्था घालून दिली.

दस्तऐवजांच्या मर्यादा

स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात या व्यवस्थेत तीन उणिवा राहतात. पहिली, वैद्यकीय इच्छापत्र अंमलात येते ते बरे होण्याची आशा नसलेल्या, जीवनरक्षक उपचारांवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत. स्मृतिभ्रंशातील निर्णय मात्र बहुधा त्याआधीचे, घरातील असतात. पुन्हा रुग्णालयात न्यावे काय? नाकातून नळी घालून अन्न द्यावे काय? तीव्र स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही. उलट रुग्ण ती उपटू नये म्हणून हात बांधण्याची पाळी येते. अमेरिकेतील वृद्धवैद्यक संघटनेने २०१४ मध्ये नळीऐवजी हाताने, सावकाश भरविण्याची शिफारस केली ती यामुळेच. आपल्याकडे 'उपाशी कसे ठेवायचे' या भावनेपोटी हा निर्णय सर्वांत अवघड जातो. म्हणून तो आधी बोलून ठेवणे अगत्याचे आहे.

दुसरी उणीव, २०१७ च्या अधिनियमातील कलम ५ चा आगाऊ निर्देश आणि कलम १४ चा नामनिर्देशित प्रतिनिधी ही तरतूद मानसिक आजारावरील उपचारांपुरती आहे. न्यायालयाने मान्य केलेले वैद्यकीय इच्छापत्र हा निराळा दस्तऐवज आहे. दोहोंची गल्लत करू नये.

तिसरी उणीव आर्थिक व्यवहारांची. अनेक कुटुंबे मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की त्या पत्राचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज भासते, त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता अधिनियमाने अशा वेळीही टिकणारे मुखत्यारपत्र उपलब्ध करून दिले. आपल्याकडे स्मृतिभ्रंशग्रस्त प्रौढांसाठी तशी सर्वंकष तरतूद नसल्याने कुटुंबांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

पैसा आणि श्रम यांचा हिशोब

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे मर्म प्रोत्साहनांच्या रचनेत आहे. आरोग्यविम्याचा पैसा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. आयुष्मान भारत योजनेचा लाभ २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत मिळू लागला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु तोही रुग्णालयीन उपचारांसाठीच आहे. घरी ठेवलेली आया, डायपर, हवेची गादी, घरी येणारी परिचारिका यांचा खर्च कुटुंबाच्या खिशातूनच होतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा ३९.४ टक्के होता. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, ही सुधारणा मोठी आहे. पण घरातील दीर्घकालीन शुश्रूषेला तिचा फारसा आधार मिळत नाही. परिणामी रुग्णाला काय हवे यापेक्षा पैसा कोठे मिळतो, यावर मृत्यूची जागा ठरण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरा खर्च कोठल्याच हिशोबवहीत येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील व्यक्तींची विनामोबदला शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत असल्याचे आढळले. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या घरात हे काम मिनिटांत मोजता येत नाही. ते रात्रीही सुटत नाही. सून, मुलगी वा पत्नी नोकरी सोडते, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नातील ही घट कोणी नोंदवीत नाही.

वेदनाशमन व आधार देणारी उपशामक सेवा हा यावरचा मार्ग आहे. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्यातून केरळमध्ये लोकसहभागाचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये त्या राज्याने याविषयीचे धोरण जाहीर केले. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी मॉर्फिन मिळणे सुकर झाले. बंगळुरूमध्ये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाचे 'करुणाश्रय' १९९९ पासून अखेरच्या टप्प्यातील कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात अशा सेवेची गरज असलेल्यांपैकी केवळ १४ टक्क्यांनाच ती मिळते. शिवाय ही सेवा कर्करोगाभोवती वाढली. स्मृतिभ्रंशाचा मार्ग लांब व अनिश्चित असल्याने 'अखेर केव्हा सुरू झाली' हे ठरविणे कठीण जाते आणि हे रुग्ण सेवेच्या कक्षेबाहेर राहतात.

एका घराचे उदाहरण

मल्लेश्वरमच्या एखाद्या क्रॉसवरील घराची कल्पना करावी. निवृत्त शिक्षिका असलेल्या ७२ वर्षांच्या आजी फुलवालीला दोनदा पैसे देतात, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकतात. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. निदान होते, औषधे सुरू होतात आणि 'आत्ता कशाला तो विषय' म्हणून पुढचे बोलणे राहून जाते. चार वर्षांनी न्यूमोनिया होतो. मध्यरात्री रुग्णालयात विचारणा होते, व्हेंटिलेटर लावायचा काय? दूरध्वनीवरून मुलगी म्हणते, सर्व काही करा. रात्रंदिवस जवळ राहिलेली सून गप्प राहते. मुलगा सही करतो. आजींना काय हवे होते, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नसते. पुढचे तीन आठवडे अतिदक्षता विभागात जातात आणि भावंडांमधील दुरावा कायमचा होतो.

याच घरात निदानाच्या वर्षी एका सकाळी पाच प्रश्न विचारले गेले असते, तर? आपल्याला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते? आपल्यावतीने कोणी बोलावे? शेवट घरी व्हावा की रुग्णालयात? गिळता येईनासे झाले तर नळी हवी काय? भाषा, अन्न, देवधर्म यांपैकी शेवटपर्यंत काय जपावे? उत्तरे कागदावर आली असती, नोटरीसमोर सही झाली असती आणि प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे गेली असती. त्या मध्यरात्री दुःख टळले नसते. पण निर्णय मुलांच्या माथी बसला नसता. त्यांना केवळ आईचा शब्द पाळायचा होता.

आक्षेपांचा विचार

यावर दोन गंभीर आक्षेप आहेत. पहिला, मालमत्तेच्या लोभाने किंवा खर्च वाचविण्यासाठी वृद्धांवर दडपण येईल. ही भीती अनाठायी नाही. स्वतंत्र साक्षीदार, दोन वैद्यकीय मंडळे व न्यायदंडाधिकाऱ्यांना सूचना ही त्यावरील कुंपणे आहेत. मात्र खरे संरक्षण परवडणाऱ्या शुश्रूषेचे आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत मासिक २०० रुपये व पुढे ५०० रुपये इतकाच आहे. ज्याला शुश्रूषा परवडतच नाही, त्याने उपचार नाकारणे ही निवड नव्हे, नाइलाज आहे.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. पूर्वी सही करणारी व्यक्ती आणि आज अंगणात ऊन खात समाधानाने बसलेली व्यक्ती एकच मानावी काय? अमेरिकी विधिज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये पूर्वीच्या इच्छेला प्राधान्य दिले. रिबेका ड्रेसर यांनी आजच्या रुग्णाच्या हिताकडे लक्ष वेधले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तीव्र स्मृतिभ्रंशातही पूर्वलिखित विनंतीवरून दयामरण देण्यास वाव ठेवला, तेव्हा हा वाद अधिक तीव्र झाला. भारतीय कायद्याची कक्षा त्याहून मर्यादित आहे आणि ती तशी असणे आजच्या परिस्थितीत योग्यच आहे. व्यवहारात तोल साधता येतो. मोठ्या उपचारांबाबत पूर्वीची इच्छा मानावी. दैनंदिन सुखदुःखाबाबत आजच्या चेहऱ्याकडे पाहावे. शब्द गेले तरी पसंती-नापसंती चेहऱ्यावर उरतेच.

धोरणाची दिशा

या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. स्मृतिभ्रंशाच्या निदानाबरोबरच भावी शुश्रूषेविषयीचे संभाषण हा उपचारांचा नियमित भाग व्हावा. निमहान्स व नीती आयोगाच्या सहकार्याने २०२२ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटकच्या मेंदू आरोग्य उपक्रमासारख्या व्यवस्थेत त्याला स्थान मिळावे. विमा व शासकीय योजनांनी घरातील उपशामक सेवेचा खर्च उचलावा. क्षमता गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्रासाठी कायदा व्हावा. दस्तऐवजांचे नमुने मराठी, कन्नड व अन्य भारतीय भाषांत मिळावेत आणि ते सांभाळणारा अधिकारी नागरिकांना ठाऊक असावा. शुश्रूषा करणाऱ्यांना विश्रांती देणारी दिवसाची केंद्रे वस्तीवस्तीत असावीत.

योजना कितीही आखल्या तरी पहिले पाऊल घरातच पडावयाचे आहे. व्यंकोजीराजांनी देवस्थानाच्या निर्वाहाची तरतूद करून ठेवली ती पुढच्या पिढ्यांवर अविश्वास म्हणून नव्हे. त्यांचे ओझे हलके व्हावे म्हणून. वृद्ध मातापित्यांशी हा विषय काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे नव्हे. त्यांचा शब्द त्यांना सांगता येत आहे तोवर ऐकून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. स्मृतिभ्रंशात ही मुदत वाढवून मिळत नाही.